खुलासा: ‘कॅमेरा दोर’ छायाचित्रणासाठी नसतो

मल्याळम चित्रपट ‘पिरवी’बद्दल ‘शाजी एन. करुण यांना ‘पिरवी’च्या छायाचित्रणासाठी कान महोत्सवात कॅमेरा दोर मिळाला’ असा मजकूर फिरतो आहे. नावातल्या ‘कॅमेरा’ शब्दानेच घोळ केला! हा पुरस्कार दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाला मिळतो, कॅमेरामनला नव्हे. शिवाय १९८९ साली ‘पिरवी’चा फक्त विशेष उल्लेख झाला, पुरस्कार हंगेरीच्या इल्दिको एन्येदी यांच्या चित्रपटाला गेला. ‘पिरवी’ शाजींनी दिग्दर्शित केला, पण कॅमेऱ्यामागे होते सनी जोसेफ. त्यांचं श्रेय मात्र परस्पर गायब झालं.

शाजी उत्तम छायाचित्रकार होतेच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते हेच शिकले. दिग्दर्शक जी. अरविंदन यांच्या ‘थम्पू’ या चित्रपटाच्या कृष्णधवल छायाचित्रणासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.