येझदी स्वतःच्या हाताने कशी उभी करावी

आपण एक जुनी मोटारसायकल विकत घेऊन ती स्वतःच्या हाताने, घरच्या घरी, पहिल्यासारखी करणार आहात हे कळले आणि अतिशय आनंद झाला. आजवर आपण सायकलची चेनसुद्धा चढवलेली नाही आणि मिक्सरचे भांडे बसेनासे झाले की घरातल्या कुणाला तरी हाक मारता, ही या कामातली अडचण नसून पात्रता आहे. ज्याने आयुष्यभर पाना धरला तो माणूस गंजलेली गाडी पाहून दोन पावले मागे सरतो. पुढे सरसावण्याचे धैर्य फक्त ज्याने पाना कधी धरलाच नाही त्याच्या ठायी असते. शिवाय आपण कोल्हापूरचे. ज्या गावात बाबूराव पेंटर यांनी १९१८ साली चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवून दाखवला, त्या गावात अडीचशे सीसीचे एक इंजिन उघडून पुन्हा मिटणे ते काय अवघड असणार? त्या कॅमेऱ्यामागे बाबूरावांची किती वर्षांची खटपट होती, हा तपशील मित्रांसमोर उगाळण्याचे कारण नाही.

गाडी येझदीच निवडावी. बुलेट गल्लीतल्या प्रत्येकाकडे आहे आणि राजदूतकडे पाहून लोकांना दूधवाला आठवतो. येझदीचे तसे नाही. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि गिअरचा दांडा आत दाबून फिरवला की तोच किकचा दांडा, अशी ही गाडी म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडत होती. त्याच नावाची नवी गाडी २०२२ पासून दुकानात मिळते, पण ती पैसे मोजून कुणालाही मिळत असल्यामुळे आपल्या कामाची नाही.

खरेदीला करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावी जावे, शक्यतो दिवस मावळताना. गाडी गोठ्यात असेल, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या असतील आणि कॅरिअरला दुधाचे कॅन अडकवण्याचे हूक वेल्डिंग केलेले असतील. म्हणजे तीही दूध घालत होतीच, पण ते हूक दुसऱ्या दिवशी कापून टाकता येतात. मालक सांगेल, “एका किकला चालू हुती, निस्ता प्लग बदलायचा हाय.” हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक बंद गाडीसोबत मिळते आणि ते ऐकून किंमत ठरवण्याची प्रथा आहे. संशयी माणसे अशा वेळी किक दाबून इंजिन फिरते का ते पाहतात, चॅसिसवरचा नंबर नोंदणीच्या पुस्तकातल्या नंबराशी ताडून बघतात आणि पंचगंगेच्या काठचे गाव असेल तर २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांपैकी कोणत्या पुरात गाडी बुडाली होती, असा अशोभनीय प्रश्न विचारतात. आपण तसे काही करू नये. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, बसलेला गाळ पुढे केव्हातरी आपल्याला भेटणारच आहे. त्याची ओळख आधीच करून घेतली तर त्या भेटीची गंमत राहणार नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. पुस्तक ज्यांच्या नावावर आहे ते गृहस्थ वारलेले असतील आणि त्यांच्या चार वारसांपैकी दोघे एकमेकांशी बोलत नसतील. नोंदणीची पंधरा वर्षे केव्हाच संपलेली असतील आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी करायचे नूतनीकरण कुणाच्या ध्यानीमनीही नसेल. यावर आपल्याला कुणीतरी सांगेल की गाडी ‘व्हिंटेज’मध्ये घाला. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या वाहनाला वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो, हे खरे आहे. मात्र येझदीचे रोडकिंग हे मॉडेल १९७८ साली आले, म्हणजे आपली रोडकिंग अगदी पहिल्या तुकडीतली असली तरी तिची पन्नाशी भरायला २०२८ उजाडेल. आपले काम तोवर संपलेले नसेलच, त्यामुळे घाई नाही. असा नंबर मिळालेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. ही अट आपल्याला जाचक वाटेल असे दिसत नाही.

आता मुख्य कार्य, म्हणजे गाडी खोलणे. याला रविवारची सकाळ घ्यावी, मिसळ खाऊन यावे आणि शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांना असतो तसा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, असेल तर तिथेच बैठक मांडावी, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला आपले हात काळे झालेले दिसतात. भित्री माणसे प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचा फोटो घेतात, प्रत्येक ठिकाणचे नट, बोल्ट आणि वायसर वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावतात, आणि वायरी सोडवण्याआधी त्यांना चिकटपट्टीने नंबर देतात. स्मरणशक्तीवर अविश्वास दाखवण्याचा हा प्रकार आहे. आपण सगळे एका घमेल्यात टाकावे. गाडी पुन्हा जोडताना घमेल्यात नऊ बोल्ट आणि एक स्प्रिंग उरते, आणि त्यावर “कंपनी उगाच जास्त लावते” असे म्हणता येते. हे वाक्य म्हणताना आवाजात जी शांती येते, ती मी भल्याभल्या निवृत्त अभियंत्यांच्या आवाजातही ऐकलेली नाही.

गंजलेले स्क्रू हलणार नाहीत. जाणते लोक त्यांच्यावर रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरू देतात आणि मग हातोड्याचा ठोका बसताच स्वतःच वळणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरतात. आपण तेवढा वेळ थांबायचे म्हटले तर प्रेक्षक पांगतील, म्हणून छन्नी घ्यावी. स्क्रूचे डोके उडाले की दुसरा घ्यावा. सायलेन्सरचे नट जोर लावून फिरवावेत, म्हणजे ते सिलिंडरचे आटे घेऊनच निघून येतात आणि एक पुढचे काम आपोआप निर्माण होते. बेअरिंगच्या बाबतीत अॅल्युमिनियमची केस आधी गरम करावी, म्हणजे ती फुगते आणि बेअरिंग अलगद उतरते, असे सांगणारे भेटतील. घरातला गॅस त्या वेळी पुरणासाठी गुंतलेला असल्यामुळे आपल्याजवळ हातोडा हा एकच उपाय उरतो. आईने गच्चीवर कुरडया वाळत घातल्या असतील तर त्यांच्या शेजारीच क्लच प्लेटा मांडाव्यात. दोन्ही गोल असतात आणि दोन्हींना ऊन लागते. यावरून घरात जे बोलणे होईल ते मोठ्या कामांची किंमत म्हणून सोसावे.

इंजिन उघडून झाले, की कोल्हापूरकर असण्याचा खरा लाभ सुरू होतो. इतर शहरांतल्या हौशी माणसाला या टप्प्यावर कळते की घरात लेथ नाही, सिलिंडर आतून कापून मोठा करणारे बोअरिंगचे यंत्र नाही आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा, दाबायची प्रेसही नाही. तो बिचारा निराश होऊन घमेले पलंगाखाली सरकवतो. आपल्याकडे शिवाजी उद्यमनगर आहे. ऑईल इंजिनांपासून ओतीव सुट्या भागांपर्यंत सारे घडवलेल्या या वस्तीत काळ्या तेलाच्या वासावर वाढलेले असे टर्नर आहेत, की ते नुसते नख फिरवून सिलिंडर किती झिजला आहे ते सांगतात आणि मग मापाची खात्री करायला उपकरण काढतात. तेव्हा ‘घरच्या घरी’ या शब्दांचा अर्थ थोडा ऐसपैस घ्यावा. उद्यमनगर आपल्याच गावात आहे, गाव आपले घर आहे, यापुढे तर्क ताणण्याची गरज नाही.

मिस्त्री इंजिनाकडे पाहतील आणि त्यांचा पहिला प्रश्न असेल, “ह्ये उघडलं कुणी?” याचे उत्तर “आधीच्या मालकाने” असे द्यावे. मिस्त्री काही बोलणार नाहीत. त्यांनी चाळीस वर्षांत आजच्या मालकाने उघडलेले एकही इंजिन पाहिलेले नाही.

मग ते जे करतील ते बाजूच्या स्टुलावर बसून, चहा पीत, बारकाईने बघावे, कारण पुढे हे सगळे आपल्याला प्रथमपुरुषी एकवचनात सांगायचे आहे. झिजलेल्या सिलिंडरचा बोअर वाढवावा लागतो आणि त्यात पाव, अर्धा किंवा पाऊण मिलिमीटर मोठा पिस्टन बसतो. पिस्टन आधी हातात यावा लागतो आणि मग त्याच्या मापाला बोअर होतो, हे ठाऊक नसल्यामुळे आपण रिकाम्या हाताने गेलेले असाल आणि मिस्त्री आपल्याला पिस्टन आणायला परत पाठवतील. कनेक्टिंग रॉडचा खुळखुळाट ऐकून ते क्रँक प्रेसवर उकलतील, नवा रॉड घालतील आणि पुन्हा दाबल्यावर दोन्ही बाजू एका रेषेत फिरतात का ते तांब्याच्या हातोडीचे हलके ठोके देत तपासत बसतील. या कामाला लागणारा संयम पाहून आपल्याला कंटाळा येईल. त्या वेळी मोबाईलवर टाकीचे रंग बघावेत. क्रँकचे ऑईल सील बदलण्याचा आग्रह मिस्त्रीच धरतील. क्लचच्या बाजूचे सील गेले की इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून पांढरा धूर करत बसते आणि दुसऱ्या बाजूचे गेले की फालतू हवा ओढून तापते व पिस्टन आत जाम होऊन बसतो. “सील तर चांगली दिसतात, राहू देत,” असे आपण दीडदोनशे रुपये वाचवण्यासाठी म्हणून पाहावे. मिस्त्री ती न ऐकल्यासारखे करून बदलून टाकतील. आपल्या यशातला हा सर्वांत मोठा वाटा असतो, आणि तो बिलात वेगळा लिहिलेला नसतो.

एकदाच आपण हात घातला, तो पिस्टन बसवताना. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या पिस्टनमध्ये रिंग फिरू नये म्हणून बारीक खुंट्या असतात. रिंगचे तोंड त्या खुंटीवर यावे लागते आणि पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या दिशेला, नाहीतर रिंगचे टोक सिलिंडरच्या झरोक्यात अडकून तुटते. आपण बाण मागे केला. मिस्त्रींनी “हां, आता चहा सांगून या जावा,” असे म्हटले आणि आपण परत येईपर्यंत बाण पुढे आलेला होता. हा प्रसंग कुणाला सांगायचा नाही एवढे लक्षात असावे.

इंजिन उद्यमनगरात असताना घरी रंगकाम उरकून घ्यावे. खरे तर रंग सर्वांत शेवटी, सगळे एकदा जोडून, फिरवून, पुन्हा सोडवून मग देतात. पण फोटो इंजिनाचे कुणी बघत नाही. टाकीच्या आतला गंज काढण्यासाठी व्हिनेगर आणि मूठभर नट घालून ती तासन् तास हलवावी लागते, आणि टाकीला भोक असेल तर ती पूर्ण धुऊन वाफा काढल्याखेरीज वेल्डिंगवाला हात लावत नाही, कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा लवकर भडकते. आपण आतला गंज तसाच ठेवून बाहेरून मरून रंग द्यावा. क्रोमसाठी पत्रा घासून, चकचकीत करून, आधी निकेल आणि मग क्रोम असा क्रम असतो. आपण चंदेरी स्प्रेचा डबा आणावा.

इंधनाविषयी मात्र दोन शब्द गांभीर्याने. या गाडीला पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, लिटरला तीस-चाळीस मिलिलिटर, कारण आतल्या पिस्टनला दुसरीकडून तेल मिळण्याची सोयच नाही. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वायसर फुगवते, हवेतले पाणी ओढते आणि आपण मुक्त ठेवलेल्या गंजाला आणखी जोर देते. हे इथेनॉल उसाच्या मळीपासूनही होते, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या शिवारातून निघून, कारखान्यातून फिरून ते आपल्याच कार्बोरेटरच्या मुळावर येते. याबद्दल रागवावे तरी कुणावर? घरचाच ऊस आहे, आणि काकांचा बिलाचा हप्ता अजून यायचा आहे.

अखेर गाडी जोडून होते, अर्थात उद्यमनगरात. प्लगची ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या प्लॅटिनम पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर लावून मिस्त्री कापडाला हात पुसतात, किकवर पाय ठेवतात आणि आपण “थांबा!” असे ओरडता. पहिली किक आपलीच हवी. मित्राला मोबाईल धरायला सांगावे, केस नीट करावेत आणि गालावर ग्रीसचा एक पट्टा ओढून घ्यावा. मग किक मारावी. दुसरी, पाचवी, चौदावी. दांडा नडगीवर आपटेल, तेव्हा हसरा चेहरा सोडू नये. विसाव्या किकेनंतर मिस्त्री काही न बोलता खाली वाकतात आणि पेट्रोलचा कॉक उघडतात, आणि एकविसाव्या किकेला दोन्ही सायलेन्सरमधून निळसर धूर सोडत गाडी बोलू लागते.

नेमका तोच फोटो चांगला येतो. आपण हँडलला धरून आकाशाकडे बघत असता, मागे धूर असतो, टाकीचा मरून रंग उन्हात उठून दिसतो आणि डाव्या कोपऱ्यात, कॉकजवळ, एक काळाकुट्ट पंजा आलेला असतो. “स्वतःच्या हाताने” असे वर लिहून तो फोटो टाकण्यापूर्वी तेवढा कोपरा कापून घ्यावा.