आतलं तेवढं राहिलंय

घर बांधतोय म्हटलं की लोक हळहळतात, धीर देतात, ओळखीचा मेस्त्री सुचवतात. परसात स्वतःपुरती सुतारशाळा बांधतोय म्हटलं की आधी बायकोकडे बघतात. मुंबईतली बँकेची नोकरी संपवून सावंतवाडीजवळच्या घरी परत आलो, तेव्हा डोक्यात एवढंच होतं: चिऱ्याच्या चार भिंती, वर मंगलोरी कौलं आणि आत रंधा मारत उभा मी. जिथल्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळं पिढ्यान् पिढ्या विकली जातात, तिथे एका पेन्शनराने चार फळ्या तासल्या तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नव्हतं.

भिंती उठल्या, कौलं चढली. "आता आतलं तेवढं राहिलंय," असं मी भेटेल त्याला सांगू लागलो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात. शेपूट हत्तीपेक्षा लांब असतं, हे म्हण करणाऱ्याने दडवून ठेवलंय.

सुरुवात जमिनीपासून. मेस्त्रीने कोबा असा घोटला होता की बघत राहावं. मी कौतुकाने एक गोल दांडी त्यावर ठेवली. ती सावकाश गडगडत दाराशी जाऊन थांबली.

"ढाळ दिलोय, भाऊनू," मेस्त्री अभिमानाने म्हणाला, "पाणी भायर जावक व्हया ना!"

इथे पाणी येणारच नाही, असं मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कौलांकडे, मग आंबोलीच्या डोंगराकडे, आणि शांतपणे तंबाखू मळायला घेतली. माझ्याकडच्या प्रत्येक टेबलाचे दाराकडचे दोन पाय लांब आहेत ते तेव्हापासून.

मग भिंती. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. माझ्या चिऱ्यांना इथली हवा मानवली नसावी. ड्रिल लावलं की लाल भुकटी, आणि ठोकलेला प्लग स्क्रूसकट हातात. तेव्हा भिंतीला रिपा मारायच्या आणि रिपांवर १२ मिलिमीटरचा प्लाय, असं ठरलं. रिपा सरळ रंधायला बाक हवा. बाकासाठी जाड फळ्या चिरायला करवतयंत्र हवं. यंत्राला वीज हवी. विजेचे बोर्ड भिंतीवर बसवायला हवेत, आणि भिंतीवर काहीही बसवायचं तर आधी रिपा. हे सगळं मी बायकोला कागदावर बाण काढून समजावलं. ती म्हणाली, "अहो, म्हणजे सुतारशाळा बांधायला आधी एक सुतारशाळा हवी." शेवटी रिपा जेवणाच्या टेबलावर रंधल्या. त्या दिवशी वरणात जिऱ्याऐवजी काय होतं यावर घरात झालेली चर्चा इथे देत नाही.

प्लायच्या बाबतीत मात्र दैव धावून आलं. ७१० हा मरिन प्लायचा भारतीय मानक क्रमांक. आपल्या पावसात ३०३ नको, ७१०च घ्या, हे दुकानदार फोनवर मोठ्याने सांगत होता. बायकोने तेवढंच ऐकलं, आणि ८ बाय ४ ची अख्खी शीट सातशे दहात मिळतेय म्हणून दिवसभर खूश राहिली. असा आनंद घरात वरचेवर येत नाही. मी तो मोडला नाही.

वायरमन "उद्या येतंय" म्हणाला होता. त्या उद्याची वाट बघताना मी इतकं वाचलं की तो आला तेव्हा त्यालाच शिकवायला बसलो. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून घरातला बी टाइप एमसीबी इथे सारखा पडणार, सी टाइप हवा. वायर ४ स्क्वेअर एमएमची, प्लग १६ अँपिअरचे. चोकवाली जुनी ट्यूब अजिबात नको. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि त्या उजेडात फिरतं पातं थांबल्यासारखं दिसू शकतं. बोटं मोजून दहाच असताना हा धोका कोण घेणार? वायरमनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि देवाचो दिवो खंय?" तो बसवला. बाकी माझ्या मनासारखं झालं: चारी भिंतींना दर चार फुटांवर प्लग. ही सोय पुढे कोणाकोणाच्या कामी येणार याची तेव्हा कल्पना नव्हती.

बाक तयार झाला तो मे महिन्यात. सपाट, भक्कम, दोन इंच जाडीचा. दुसऱ्या दिवशी त्यावर फणसपोळी वाळत होती. "एवढी सपाट जागा घरात दुसरी आहे का?" हा प्रश्न ऐकून मला आधी अभिमान वाटला, मग उशीर झाला. मागोमाग प्लायच्या गठ्ठ्यावर आमसुलं आली, शिकंजाला सुपारीची पोती टेकली.

जुलैत निदान आमसुलांची ये-जा थांबली, कारण दारच उघडेना. फणसाच्या फळ्यांचं दार; लाकूड लांबीला वाढत नाही, पण रुंदीला पावसाळाभर फुगत राहतं. खिडकीतून आत जाऊन मी पांढरा रंग मारला, माकडं कौलं फोडतात म्हणून खाली प्लायचं छत घातलं, भुसा ओढायचं यंत्र बसवून त्याचे चार इंची पाइप फिरवले. श्रावण सरता सरता आतलं काहीही राहिलेलं नव्हतं. आमच्या अख्ख्या घरात न गळणारी, माकडमुक्त आणि लख्ख उजेडाची तेवढी एकच खोली होती, आणि हे सर्वांच्याच लक्षात आलं.

चतुर्थीला मुंबईहून सगळे आले. गाद्या कुठे घालायच्या यावर चर्चासुद्धा झाली नाही. करवतयंत्रावर बॅगा, पटाश्यांच्या खुंट्यांना टॉवेल आणि चारी भिंतींना, दर चार फुटांवर, चार्जिंगला लागलेले मोबाइल. गणपतीवर टांगायची लाकडी चौकट, म्हणजे माटवी, नवीन करायची म्हणून मी रंधा शोधायला गेलो, तर त्यावर कोणीतरी चष्मा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुतण्या म्हणाला, "काका, खोली एकदम मस्त. फक्त तुमचा तो एसी वारा सोडत नाही, आतच ओढतो. माझा एक मोजा गेलाय."