आमच्या घरात सहा ऋतू आहेत

मुंबईला उन्हाळा आणि पावसाळा असे दोनच ऋतू, हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला पटलं नाही. तापमान पाहिलं तर तसं वाटेल. पण ऋतू आपल्याला स्वयंपाकघरातून कळतो.

मी दादरला वाढले. मे संपत आला की आजी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, मागे लागायची. सुके बोंबील, सोडे, जवळा, मसाला, सगळं डब्यांत बंद. 1 जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे तिचा पावसाळा ढगांच्या आधीच सुरू व्हायचा. मग स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसायच्या, सोबत काकडं ही आंबट फळं हवीतच, नाहीतर घसा खाजतो. पाठोपाठ टाकळा, फोडशी, कंटोली. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतात, तेव्हा समुद्र शांत होऊ लागलेला असतो.

आणि थंडी? मुंबईत ती नावालाच, तरी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी होतेच. चैत्रात आंब्याची डाळ आणि पन्हं.

आता शेवळं कशी साफ करायची हे माझ्या मुलीला शिकवतेय. विकणाऱ्या बायका मात्र दरवर्षी कमी दिसतात, त्याची फार काळजी वाटते.