‘एक फौजी’ यांना उत्तर

नमस्कार. अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीत धावण्याच्या जोडीला ओझं घेऊन चालणंही असावं, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘खुर्चीत बसून सैन्याचे निकष पातळ करू नका. ओझं वाहायला ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवतात, नवख्यांवर लादलंत तर नडग्या जातील. आणि आकडे तरी तपासा.’

आकड्याचं आधी. सोळाशे मीटर धावण्याची शेवटची वेळ मी ५:४५ (पाच मिनिटं पंचेचाळीस सेकंद) लिहिली होती. २०२५च्या भरतीपासून ती ६:१५पर्यंत आहे. चूक माझी, दुरुस्त केली. पण ‘खुर्चीत बसून’? पंधरा वर्षं पहाटे पाचला स्टॉपवॉच घेऊन मैदानावर उभा असलेल्या माणसाला हे टोपणनावाआडून सुनावणं सोपं आहे.

आणि ‘पातळ’! लेख वाचलात की नुसतं शीर्षक? धावणं काढून टाका असं मी कुठे म्हटलंय? जनरल ड्यूटीचे, म्हणजे साध्या शिपायाच्या पदाचे, गुण बघा. ५:३०ला ६०, ५:३१ला ४८. एका सेकंदाला बारा गुण! बीमवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, दहा पुलअप्सना ४०, नऊला ३३. नऊ फुटी खड्ड्यावरची उडी आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) नुसते पास व्हायचे. म्हणजे शंभरातले साठ गुण हाफ पँटीत, रिकाम्या पाठीने पळण्याचे. चारशेची फेरी ८२ सेकंदांत मारणारा ५५ किलोचा पोरगा इथला राजा. त्याच्या पाठीवर २० किलो चढवा, स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त होतात. ७५ किलोच्या पोराला तेच ओझं पाव हिश्शाच्या जरासं वर. पण तो ५:५०ला आला की ३६ गुणांवर अडकला. पुढे सैन्यातल्या बीपीईटी या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत पाच किलोमीटर पळायचे ते मात्र रायफल आणि लढाईच्या साजासकट.

म्हणून म्हटलं, धावण्याच्या जोडीला १५ किलोचा पिट्ठू (पाठीवरची पिशवी) घेऊन ३ किमी, ३० मिनिटांत. चालतच, पळायचं नाही. वाळूची पिशवी खांद्यांच्या पात्यांलगत आवळून बांधायची; तळाशी घसरली की ओझं मागे ओढतं, पोरगं पुढे वाकतं आणि कंबर धरते. वजन शेवटच्या रेषेवरही करायचं, वाटेत वाळू सांडणारे बहाद्दर असतातच. याला पातळ म्हणतात?

सेंटर, नडग्या वगैरे बाकीचं पुन्हा कधीतरी. खऱ्या नावाने लिहिलंत तर सविस्तर बोलू.