बेलवर नाव नवऱ्याचं

मुंबई महापालिकेच्या वॉर्डांची आरक्षण सोडत निघाली, की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दुसरा विषय नसतो. वॉर्ड महिलांसाठी राखीव पडला, की भाऊंच्या जागी वहिनी. बॅनरवर हात जोडलेल्या वहिनी, शेजारी त्यांच्याहून मोठे भाऊ आणि खाली मोबाइल नंबर भाऊंचाच. मग कुणीतरी काका मला सुनावतात, 'तुमच्या जर्मनीत मर्केलबाई झाल्या. आपल्याकडे अशी बाई व्हायची नाही.'

बर्लिनमध्ये राहून मला हे पटत नाही. मुंबईत 2012 पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. इथल्या संसदेत कायद्याने राखीव जागा नाहीत आणि आजही बायका जेमतेम एक तृतीयांश. तेव्हा 'ते पुढारलेले, आपण मागास' हा हिशेब राहू द्या.

अंगेला मर्केल पूर्व जर्मनीत वाढल्या, क्वांटम केमिस्ट्रीत डॉक्टरेट केली आणि बर्लिनची भिंत पडल्यावर पस्तिशीत राजकारणात आल्या. तेव्हाचे चॅन्सेलर, म्हणजे तिथले पंतप्रधानच, हेल्मुट कोल यांनी त्यांना मंत्री केलं. पुढे देणग्यांच्या घोटाळ्यात कोल अडकले, तेव्हा पक्षाने त्यांच्यापासून दूर व्हावं असं वर्तमानपत्रात उघडपणे लिहिणाऱ्याही याच. (आपल्याकडे याला गद्दारी म्हटलं असतं.) 2005 ते 2021, सोळा वर्षं चॅन्सेलर. या काळात राहायला मात्र स्वतःच्याच फ्लॅटमध्ये, संग्रहालयासमोर. बेलवर नाव नवऱ्याचं: प्रोफेसर डॉक्टर झाउअर. पण हे झाउअर 2005 च्या शपथविधीलासुद्धा गेले नाहीत. नवऱ्याचं नाव दारावर आणि कारभार बाईचा. वहिनींच्या ऑफिसात नेमकं उलटं असतं.

मला त्यांच्या येण्यापेक्षा जाण्याचं जास्त अप्रूप आहे. पुन्हा चॅन्सेलरपदासाठी उभी राहणार नाही, हे त्यांनी 2018 मध्येच सांगून टाकलं. 1990 पासून राखलेल्या त्यांच्या मतदारसंघात 2021 मध्ये दुसऱ्याच पक्षाची 27 वर्षांची मुलगी निवडून आली. जागा घरात ठेवायची असते, हा विचारच तिथे नव्हता.

म्हणून त्यांची आरती ओवाळावी असंही नाही. रशियन गॅसवर देशाला इतकं विसंबून ठेवल्याबद्दल इथले लोक आज त्यांना बोल लावतात, आणि त्यात तथ्य आहे. 2015 मध्ये त्यांनी देशात येऊ दिलेल्या निर्वासितांवरून तर अजून घराघरांत वाद होतात. निवृत्तीनंतर तोंड बंद ठेवलं म्हणावं, तर तेही नाही: जानेवारी 2025 मध्ये अतिउजव्यांची मतं घेऊन संसदेत ठराव मंजूर करून घेतला, म्हणून स्वतःच्याच पक्षाच्या नेत्याला त्यांनी जाहीरपणे सुनावलं.

आणि 'आपल्याकडे अशी बाई' म्हणाल, तर गोरेगावच्या मृणालताई गोरे कोण होत्या? 1961 मध्ये, आरक्षणाचं नावही नसताना, त्या महापालिकेत निवडून आल्या. पाण्यासाठी इतक्या भांडल्या, की 'पाणीवाली बाई' हीच ओळख झाली. 1977 मध्ये त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिराबाई हरल्या, तेव्हा मुंबईत घोषणा घुमली, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.' त्यांच्या मोर्चात हंडे-लाटणी घेऊन उतरलेल्या बायकांना कुणी भाऊंचा नंबर दिला नव्हता. राखीव वॉर्ड पुढच्या सोडतीत खुला झाला, की त्यातल्या किती वहिनींना पुन्हा तिकीट मिळतं, हे काकांनी आपल्या वॉर्डापासून मोजावं. मर्केलबाईंचं मग बघू.