मूत्रपिंड पिळलं जात नाही

एक मजकूर बराच फिरतोय. आठवडेच्या आठवडे प्रचंड दाबाखाली राहणाऱ्या सॅचुरेशन डायव्हरांची मूत्रपिंडं म्हणे पाण्याच्या दाबाने पिळली जातात, म्हणून त्यांना सारखी लघवी लागते. त्यांचे हार्मोन कायमचे बिघडतात. तेव्हा त्यांनी पाणी बेताने प्यावं. यातली लघवीची गोष्ट तेवढी खरी आहे.

आधी ते पिळणं. हे डायव्हर मुळात पाण्यात राहतच नाहीत. जेवण-झोप सगळं जहाजावरच्या कोरड्या चेंबरमध्ये. तिथे हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण, कामाच्या जागी पाण्याखाली जेवढा दाब असतो तेवढ्याच दाबाने भरलेलं असतं. ३०० मीटर खोल कामासाठी सुमारे ३१ वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या ३१ पट. हा दाब सगळीकडून सारखाच येतो आणि मूत्रपिंड म्हणजे बहुतांशी पाणीच. ते आकसणार कसं?

"पण पाण्यात उतरलं की लघवी लागतेच ना?" लागते, पोहणाऱ्या कुणालाही विचारा. पाण्यात पायांकडचं रक्त छातीकडे सरकतं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि शरीराला वाटतं, रक्त जास्त झालं. मग पाणी राखणारं हार्मोन व्हॅसोप्रेसिन कमी होतं, मीठ राखणारं अल्डोस्टेरॉनही कमी होतं. डायव्हर बेलबाहेर (चेंबरमधून खाली नेणाऱ्या बंद कुपीबाहेर) पडून काम करतो तेव्हा हे त्यालाही लागू आहे. पण चेंबरमध्ये, पाण्याचा थेंबही अंगाला न लागता, लघवी वाढते ती वेगळ्याच तऱ्हेने: व्हॅसोप्रेसिन खाली, अल्डोस्टेरॉन मात्र वर! मला हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. दोन्ही ठिकाणी कारण एकच असतं, तर अल्डोस्टेरॉन इथेही पडलं असतं.

मग कारण काय? पहिला संशय गारठ्यावर होता, आणि तो रास्तच होता. हेलियम हवेच्या जवळपास सहापट उष्णता वाहून नेतो, त्यामुळे चेंबर ३० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. पण जपानमधल्या 'सीड्रॅगन' प्रयोगांत ३१ वातावरण दाबाखाली थंडी वाजणार नाही असं तापमान राखलं, तरी लघवी वाढलीच, विशेषतः रात्रीची. दुसरा धागा त्याआधीच्या 'हाना काई २' या प्रयोगात सापडतो: १८.६ वातावरण, १७ दिवस, सगळं कोरड्यात. दाट वायूत त्वचेवरून नकळत उडणारी वाफ घटते. ते वाचलेलं पाणी मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. तेवढ्यानेही हिशेब पुरता जुळत नाही, कारण लघवीबरोबर युरिया आणि क्षारही जास्त जातात, वजनही उतरतं. रक्तातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडातून सुटणारं रेनिन वाढतं, त्यामागोमाग अल्डोस्टेरॉन. सोडियम वाचवायची ही धडपड. तिची किंमत पोटॅशियमने मोजली जाते.

'कायमचे बिघडतात' हे तर उगाचच. दाब उतरला की हे दोन्ही हार्मोन पूर्ववत होतात. खोल डायव्हिंगचे हाडांवर, कानांवर होणारे परिणाम हा खरा आणि गंभीर विषय आहे, पण तो वेगळा.

राहिला पाण्याचा सल्ला, आणि मजकुरातलं सगळ्यात धोकादायक वाक्य तेच आहे. रक्तातलं पाणी आधीच घटलेलं, वर गरम पाण्याच्या सूटमध्ये तासन्‌तास घाम. ३०० मीटरवरून दाब उतरवायला दहाएक दिवस लागतात, आणि त्या काळात साठलेला वायू ऊतींतून रक्तावाटेच बाहेर यायचा असतो. अशा माणसाला पाणी कमी पी म्हणून सांगायचं?