ग्लॅमर म्हणजे चेटूक, बरं, मग चेटूक केलं कोणी?

तो फॉरवर्ड इतके दिवस इकडेतिकडे दिसायचा, सोडून द्यायचे. परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकला, तोही ताईच्या मेकअप ट्रायलच्या फोटोखाली. म्हणे ग्लॅमर हा जुना गेलिक शब्द, अर्थ चेटूक, स्कॉटलंडच्या बायका त्यानेच पुरुषांना गटवायच्या, म्हणून १७७० साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की अत्तर, रंग, खोटे केस लावून नवरा पटकावला तर चेटकिणीची शिक्षा आणि लग्न रद्द. खाली हसण्याच्या पाच इमोज्या.

आधी कायदाच घेते, डोकं त्यानेच फिरलंय. असा कायदा झालेलाच नाही, लोणकढी थाप आहे. आणि थाप मारताना निदान तारखा तरी बघाव्यात ना, चेटकिणींना मारायचे कायदे इंग्लंड-स्कॉटलंड दोन्हीकडे १७३६ मध्येच रद्द झाले, उरला फक्त मला जादू येते असं सांगून लोकांना फसवण्याचा गुन्हा, त्याला एक वर्ष कैद. मग १७७० मध्ये चेटकिणीची कुठली शिक्षा देणार होते? त्याआधी मात्र १५६३ पासून स्कॉटलंडमध्ये खरंच खटले चालले. एडिनबरा विद्यापीठाने जुनी कागदपत्रं धुंडाळून यादी केलीय, ३,८३७ आरोपी, शेकडा ८४ बायका. टाका आता इमोजी.

चेटूक हा अर्थ बरोबर आहे, मान्य. पण शब्द गेलिक नाही, स्कॉट्स आहे, म्हणजे स्कॉटलंडमधल्याच पण इंग्रजीच्या बहिणीसारख्या भाषेतला, आणि निघालाय चक्क ग्रामरमधून! ग्रामर म्हणजे तेव्हा एकूणच पोथीविद्या. ज्याला पोथी वाचता येते त्याला मंत्रतंत्रही येत असणार, हा जुना समज. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८९ च्या एका कवितेत ग्लॅमर आणि ग्रामरचं यमकच जुळवलंय. आपला गारुडी करतो ती नजरबंदी, तेच हे. रूपाचा अर्थ १९व्या शतकात चिकटला.

बायका गटवायच्या म्हणे. जॉनी फा नावाच्या जिप्सी म्होरक्याच्या जुन्या स्कॉटिश पोवाड्यात जिप्सी वाड्याच्या दाराशी येऊन गातात, बाईसाहेब खाली उतरतात, तिचा देखणा चेहरा दिसताच ते तिच्यावर ग्लॅमर टाकतात आणि ती घरदार सोडून त्यांच्यामागे जाते. टाकणारे कोण? बाप्ये!

लग्नासाठीचे तोडगे होते, नाही कशाला म्हणू. हॅलोविनच्या रात्री पोरं-पोरी डोळे मिटून, हातात हात धरून परसात जायची आणि केल नावाची कोबीच्या जातीची भाजी उपटायची, दांडा सरळ की वाकडा त्यावरून जोडीदार कसा ते कळायचं. मुळाला माती चिकटून आली तर हुंडा येणार. ती माती पोरगेही बघायचे हो मावशी.